पदरातली रेघ

शहापूरच्या कांडी गल्लीत अकरा मार्चला भाषण करायचं ते सुबराव अण्णांनीच, हे ठरवायला कधी कुणाला बैठक घ्यावी लागली नाही. अडतीस वर्षं ते तसंच चालत आलं होतं. पाहुणे बदलले, मंडळाचे अध्यक्ष बदलले, कर्णे जाऊन मोठमोठे स्पीकर आले, पण 'प्रत्यक्षदर्शी' तेच राहिले. पत्रिकेत त्यांच्या नावापुढे हा शब्द ठळक छापलेला असे. एकेकाळी तो वाचून त्यांची छाती फुगायची. अलीकडे तो दिसला की ते पत्रिका उलटी करून ठेवत.

भाषण तसं चार मिनिटांचं. सीमाभागात आंदोलन पेटलेलं, मराठीसाठी माणसं रस्त्यावर उतरलेली, मोर्चा गल्लीच्या तोंडाशी आला, गोळीबार झाला आणि अठ्ठावीस वर्षांचा परशराम, हातात झेंडा, तोंडात घोषणा, छातीवर गोळी झेलून पडला. "कुटं पडला?" असं विचारून अण्णा थांबत. सगळी गल्ली एका आवाजात उत्तर देई, "ईरण्णाच्या दारात!" मग अण्णा आवाज खाली आणून म्हणत, "त्या दाराला सगळं ठाऊक हाय." की घोषणांना सुरुवात.

ईरण्णा दिसायला कसा होता, हे तरण्या पोरांपैकी एकालाही सांगता आलं नसतं. तो कन्नड बोलायचा आणि त्यानं परशरामला पोलिसांना दाखवून दिलं, एवढं मात्र प्रत्येकाला ठाऊक होतं. गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, हे दुसरं वाक्य अण्णांनी भाषणात एकदाही उच्चारलं नव्हतं. तशी गरजच पडली नाही. लोकांनी ते आपापल्या घरी तयार करून घेतलं.

या गल्लीची आणखी एक रीत होती. परशरामच्या स्मारकावर फुलं नाही वाहायची. प्रत्येक घरानं पांढऱ्या सुताची एक लडी ठेवायची. आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी भोंगा झाला की गल्लीतले सगळे माग दोन मिनिटं बंद. एरवी सकाळपासून खडखडाटात बुडालेली ती गल्ली त्या दोन मिनिटांत इतकी गप्प व्हायची की बाहेरून आलेला पाहुणा बिचकायचा. पाहुण्यांना एक गोष्ट मात्र कुणी सांगत नसे. चालू माग मध्येच थांबवला की पुन्हा सुरू करताना साडीत आडवी रेघ उमटते, आणि रेघेची साडी दुकानदार परत टाकतो. म्हणून शहाणे विणकर आदल्या दिवसापासूनच हिशोबानं विणत. अकरा-दहाला एक साडी संपलेली आणि दुसरी सुरू व्हायची असेल, असं जमवत. श्रद्धांजलीही व्हावी आणि रेघही पडू नये. अण्णांचा मुलगा नागराज यात फार तरबेज होता.

यंदा दोन दिवस आधी, दुपारी, अण्णांची नात स्वरूपा सोप्यात उभी राहून वक्तृत्व स्पर्धेची तयारी करत होती. विषय अर्थातच हुतात्मा परशराम. पोरीनं आजोबांचं भाषण जसंच्या तसं उचललं होतं, थांबायच्या जागांसकट. "कुठं पडला?" म्हणून तिनं हात पुढे केला, आणि नेमक्या त्याच वेळी दारात एक बाई येऊन उभी राहिली. पंचेचाळिशीची, खांद्याला पर्स, चष्मा. ती पोरीकडं बघत शांतपणे म्हणाली, "ईरण्णाच्या दारात."

स्वरूपा खूश झाली. अण्णांनी मात्र त्या बाईचं कपाळ बघितलं, डाव्या भुवईवरचा लहानपणीचा व्रण बघितला आणि तिला ओळखलं.

"राजी?"

"व्हय काका. राजेश्वरी. ईरण्णांची."

नातीला त्यांनी घाईघाईनं आत पिटाळलं. राजेश्वरी बसली. निपाणीला हायस्कुलात कन्नड शिकवते, म्हणाली. वडील जाऊन बारा वर्षं झाली. आई, यल्लव्वा, बोरगावला राजेश्वरीच्या भावाकडं असते. डॉक्टरांनी आता फार दिवस नाहीत म्हणून सांगितलंय.

"आईची एकच इच्छा हाय, काका. दरवर्षी अकरा मार्चला ती घरातच देवापुढं सुताची लडी ठेवते, परशराम काकांच्या नावानं. एकदा तरी इथं, चौकात, आपल्या हातानं ठेवायची म्हणते. मी तिला गाडीतनं आणीन. कोपऱ्यावर थांबवीन. तुमच्या कार्यक्रमात कसली अडचण करणार न्हाय."

"मग या की," अण्णा कसंबसं म्हणाले. "तुमाला कोण अडवतंय?"

राजेश्वरीनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. शाळेत खोटं बोलणाऱ्या पोराकडं बाई बघतात तसं. "तुमचं भाषण अडवतंय, काका. आता ते मोबाईलवर येतं. बोरगावात पण बघतात लोक. आईनं पण बघितलंय." ती पुढं म्हणाली, "मी तेव्हा सात वर्षांची होते, पण मला आठवतंय. परशराम काकांनी मला खांद्यावर घेतलेलं. त्यांच्या शर्टाला वंगणाचा वास येत होता. मला दारातनं आत ढकललं आणि ते वळले. त्यांच्या हातात माझी पाण्याची लाल बाटली तशीच ऱ्हायली. तुमची खोली समोरच होती. तुम्ही बघितलंय. एकदा, फक्त एकदा, जे झालं ते सांगा. मग आई गाडीतनं उतरंल. तिला त्या गल्लीत मान वर करून चालायचंय."

अण्णांनी हळूच विचारलं, "यल्लव्वानं आणि काय सांगितलं तुला? त्या दिवसाबद्दल?"

"आणि काय? एवढंच म्हणाली, सुबराव अण्णांना विचार. त्यांना सगळं ठाऊक हाय."

म्हणजे यल्लव्वानं लेकीला सांगितलं नव्हतं. अडतीस वर्षं त्या बाईनं अण्णांची लाज झाकून ठेवली होती, आणि हे मात्र वर्षातून एकदा माइकवर तिचं दार उघडं करत होते. अण्णांना तिथल्या तिथं रडू आलं असतं, पण पुरुषमाणूस, शिवाय प्रत्यक्षदर्शी. ते एवढंच म्हणाले, "आण तिला. मी सांगतो."

त्या दिवशी झालं होतं ते असं.

मोर्चाच्या दिवशी कांडी गल्लीत दोनच माग चालू होते. एक सुबरावचा आणि समोरच्या खोलीत परशरामचा. बाकीचे एक तर मोर्चाला गेले होते, नाहीतर दारं लावून बसले होते. ईरण्णा सूत आणायला इलकलला गेलेला. अकराच्या सुमारास यल्लव्वा सुबरावच्या दारात आली. डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला, तोंड पांढरं पडलेलं.

"अण्णा, राजी शाळेतनं आली न्हाय. शाळा लौकर सोडली म्हणत्यात. मी भाईर पडले आणि कन्नडमदनं हाक मारली तर लोक काय करतील, म्हाईत न्हाय. जरा बगून येता?"

सुबरावनं मागावरचा हात काढला नाही. "पदरावर हाय गं मी. आता थांबवला तर रेघ येतीया. पाच मिन्टं दम खा."

पदर चालू होता, हे खरं होतं. रेघ आली असती, हेही खरं होतं. पण गल्लीच्या तोंडाशी दगड पडत होते आणि सुबराव भ्याला होता, हे त्याहून खरं होतं. माणसाला भिण्यासाठी एखादं खरं कारण हाताशी सापडलं की त्याच्यासारखी सोय नाही. यल्लव्वा गल्ली ओलांडून परशरामच्या दारात गेली.

समोरचा माग थांबला. त्याचाही पदरच चालू होता.

पुढचं सगळं सुबरावनं खिडकीच्या फटीतून पाहिलं. परशराम पोरीला खांद्यावर घेऊन पळत आला, तिला ईरण्णाच्या दारातून आत सोडलं, वळला आणि पडला. हातात झेंडा नव्हता. मोर्चात तो गेलाच नव्हता.

तिसऱ्या दिवशी चौकात शोकसभा झाली. बाहेरगावचा कुणी पुढारी आला होता. "कुणी डोळ्यांनी पाहिलं?" म्हणून त्यानं विचारलं, आणि लोकांनी सुबरावला पुढं ढकललं. आयुष्यात पहिल्यांदाच तो माइकसमोर उभा राहिला होता. "मी बगितलं," तो म्हणाला. "ईरण्णाच्या दारात पडला." पुढं तो सगळं सांगणार होता. निदान अडतीस वर्षं त्यानं स्वतःला तसं बजावलं होतं. पण सांगायला लागला की यल्लव्वा कुणाच्या दारात आधी गेली हेही सांगावं लागणार, हे ध्यानात आलं आणि तो तिथंच थांबला. तेवढ्यात पुढाऱ्यानं माइक ओढून घेतला. "त्याच दारात का पडला, हे आम्ही ओळखून आहोत!" आणि टाळ्यांचा कडकडाट.

त्याच संध्याकाळी ईरण्णाच्या दारावर दगड पडले. दोन महिन्यांत त्यानं आपले दोन्ही माग उपसले आणि बोरगाव गाठलं. माग ट्रकवर चढवायला सुबरावनं हात लावला होता. यल्लव्वा तिथंच उभी होती.

दुसऱ्या वर्षी लोक ते वाक्य ऐकायलाच जमले. तिसऱ्या वर्षी ते न म्हणणं अशक्य झालं. पुढं झेंडा कधी परशरामच्या हातात आला, हे अण्णांनाही नेमकं आठवत नव्हतं. कुणीतरी फलकावर तसं चित्र काढलं होतं. चित्र बघून अण्णा तसं म्हणू लागले, आणि अण्णा म्हणतात म्हणून पुढच्या वर्षी पुतळ्याच्या हातातही झेंडा बसवला.

या सगळ्यात परशरामची बायको अंबूबाई मंचावर कडेच्या खुर्चीत बसलेली असे. विधवा झाली तेव्हा चोवीस वर्षांची होती. नवऱ्याच्या मागावर अर्धवट राहिलेली साडी तिनं स्वतः विणून पुरी केली आणि ती विकली नाही. दर अकरा मार्चला तीच साडी नेसून ती येई, मंडळाची शाल घेई, नारळ घेई, हात जोडी आणि घरी जाई. जांभळ्या पदरात मधोमध एक आडवी रेघ होती. भाषण करताना अण्णा कुठंही बघत, त्या पदराकडं तेवढं बघत नसत.

अकरा मार्च उजाडला. मंडळाचा अध्यक्ष विनोद सकाळपासून धावपळीत होता. पोरगा मनानं चांगला, कामाला वाघ. परशराम गेला तेव्हा जन्मलाही नव्हता, पण परशरामचं नाव काढलं की त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि ते खोटं नव्हतं. "अण्णा, बरोब्बर अकरा-पाचला माइक तुमच्याकडं," तो म्हणाला. "अकरा-दहाला भोंगा."

अण्णा उभे राहिले तेव्हा कोपऱ्यावर एक पांढरी गाडी उभी होती. मागची काच खाली होती आणि आत पिकल्या केसांचं एक डोकं दिसत होतं. रात्रभर घोकलेलं पहिलं वाक्य ते बोलले.

"परशरामच्या हातात झेंडा नव्हता."

चौक चिडीचूप झाला. अण्णांच्या मनात आलं, जमलं. जन्मभर अडकलेलं निघालं एकदाचं. तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी खणखणीत ओरडलं, "झेंडा त्याच्या काळजात होता!"

टाळ्या पडल्या. शिट्ट्या झाल्या. अण्णांनी यंदा काहीतरी नवीन काढलंय, म्हणून लोक खूश झाले.

"न्हवं, ऐका," अण्णा हात हलवत म्हणाले, "त्याच्या हातात पोरीची पाण्याची बाटली होती. तो मोर्चात न्हवताच. तो पोरीला आणाय गेलता. आणि तिला घरात सोडून तो पडला..." इथं त्यांचा दम तुटला. एवढाच, एका श्वासापुरता. पण ती थांबायची ठरलेली जागा होती. टाळ्यांच्या गोंगाटात बाटलीही कुणाच्या कानी गेली नव्हती आणि पोरही. 'पडला' तेवढं ऐकू आलं, आणि अख्खी गल्ली एका आवाजात गरजली.

"ईरण्णाच्या दारात!"

मग घोषणा. लहान पोरं मुठी वळून, बाया पदर खोचून. पहिल्या रांगेत स्वरूपा सगळ्यांत मोठ्यानं. अण्णा माइकमध्ये "ऐका, ऐका" म्हणत होते आणि लोकांना वाटत होतं, ते घोषणाच देताहेत. भाषण त्यांनी केलं होतं, पण आता ते त्यांचं राहिलं नव्हतं. त्यांनी पाहिलं, गाडीची काच वर जात होती. घड्याळ बघून विनोदनं हळूच त्यांच्या हातातला माइक काढून घेतला, आणि भोंगा झाला.

माग थांबले. माना खाली गेल्या. कांडी गल्ली वर्षातली आपली दोन मिनिटं गप्प झाली.

आणि त्या शांततेत अण्णा बोलायला लागले. माइक नव्हता, त्याची गरजही नव्हती. दुसरा आवाजच नव्हता कुठं.

"यल्लव्वा आदी माज्या दारात आलती."

दोनचार माना वर झाल्या. "अण्णा, श्रद्धांजली चालू हाय," विनोद दात आवळून कुजबुजला.

"पोरगी शाळेतनं आली न्हाय, बगून या म्हणाली. माग थांबवला तर रेघ येतीया म्हणालो मी. भ्यालतो. ती परशरामच्या दारात गेली. त्यानं माग थांबवला. पोरीला आणून घरात सोडली आणि मेला. ईरण्णा त्या दिवशी गावात बी न्हवता. त्यानं कुणालाच काय दावलं न्हाय. मी बगितलं आणि मी गप्प बसलो. माग थांबवला त्याचं स्मारक झालं, आणि न्हाय थांबवला तो भाषण करतोय. अडतीस वर्सं."

कुणीतरी "श्शू" केलं. कुणीतरी म्हणालं, "दोन मिन्टं तरी गप बसावं की माणसानं." मग माग पुन्हा सुरू झाले आणि पुढचं काही कुणाला ऐकू येण्यासारखं राहिलं नाही. विनोदनं माइकवर सांगितलं, अण्णा वयोमानानं भावनावश झाले, आपण समजून घेऊ या. लोकांनी समजून घेतलं. पांगताना ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय होता, की म्हाताऱ्यानं श्रद्धांजलीचा मान ठेवला नाही.

अण्णा मंचावरून उतरून कोपऱ्यापर्यंत जवळजवळ धावत गेले. गाडी नव्हती.

ईरण्णाचं घर कोपऱ्याच्या अलीकडं. तिथं आता मोबाईलचं दुकान होतं, पण बाजूचं जुनं लाकडी दार तसंच राहिलं होतं. त्या दाराशी अंबूबाई उभ्या होत्या. दाराच्या कडीला पांढऱ्या सुताची एक लडी अडकवलेली होती.

"घोषणा सुरू झाल्या तशी राजी खाली उतरली," अंबूबाई म्हणाल्या. "यल्लव्वा लई थरथरत होती. मी मंचावरनं बगत होते. राजीनं लडी हितं अडकवली आणि गाडी वळवून गेल्या दोगी."

"म्हंजे तिनं ऐकलं न्हाय? मी बोललो ते?"

"भोंग्याच्या आदीच गेल्या त्या."

अण्णा दाराला टेकले. दोन मिनिटं. दोन मिनिटं आधी बोललो असतो तर, असं त्यांच्या मनात आलं, आणि मग त्यांचं त्यांनाच कळलं की आपण दोन मिनिटांचं म्हणतोय.

"वैनी, तुमाला तरी ठाऊक होतं का? तो पोरीला आणाय गेलता ते?"

"दवाखान्यात नेताना मला इचारलं त्यांनी, राजी घरात हाय न्हवं? तेवडंच बोलले." अंबूबाई लडीवरची धूळ झटकत होत्या. "मला कुणी कदी माइक दिला न्हाय, भावजी. शाल दिली. मला वाटायचं, बगितल्यालं माणूस हाय, आज ना उद्या बोलंल. म्हणून दर साली येऊन बसायची. तुमी लोकांना भेताय असं समजून मी तुमाला माफ करत आले. ती आदी तुमच्या दारात आलती, हे मला आज कळलं."

अण्णा दारापासून सरळ झाले. त्यांनी हात जोडले. अंबूबाईंनी त्या हातांकडं पाहिलं नाही. कडीची लडी सोडवून त्यांनी ती जपून पिशवीत ठेवली.

"ही हितं ठिवून उपेग न्हाय. बोरगावला जाते. तिच्या हातात देते, आणि तिला हाताला धरून परत आणते, जमलं तर. जीव असंपर्यंत."

"मी बी येतो, वैनी. तिच्या पाया पडतो. तिला सांगतो, बोललो म्हणून."

अंबूबाईंनी खांद्यावरचा जांभळा पदर सारखा केला. रेघ नेमकी वर आली. भरदिवसा, हातभर अंतरावरून, अण्णांना ती पहिल्यांदा नीट दिसली. बोटभर रुंद, जरा फिकी. बोटानं चाचपली असती तर हाताला लागली असती.

"तुमी नगा येऊ, भावजी," अंबूबाई अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. "तुमचा माग थांबंल."

आणि त्या बसस्टॉपकडं चालू लागल्या. गल्लीत पुन्हा खडखडाट भरला होता. घराच्या दारातून नागराजनं अण्णांना हाक मारून सांगितलं की यंदाही सगळं बरोबर जमलं, एकाही साडीत रेघ पडली नाही.